खाखऱ्याच्या आठवणी आणि विकथा

खाखऱ्याच्या आठवणी काढायची आपल्या समाजात आता रीतच पडली आहे. मेळावा असो की स्मरणिका, कोणीतरी म्हणतंच, कुठे गेले ते घरचे खाखरे आणि कुठे गेल्या त्या निवांत गप्पा! ऐकायला गोड वाटतं. पण निवांत कोण होतं, हे कोणी विचारत नाही.

खाखरा म्हणजे पोळी नव्हे, की भाजली आणि टाकली डब्यात. कणकेत तेल, जिरं, मेथी घालून पातळ लाटायचं, अर्धकच्चं शेकून ठेवायचं, मग मंद आचेवर एकेक घेऊन लाकडी दट्ट्याने नाहीतर कापडाच्या बोळ्याने दाबत, फिरवत करकरीत करायचं. घाई केली की करपतो, हात उचलला की फुगतो. पांढुर्णा-सौंसरच्या मे महिन्यात हे करून बघा म्हणजे कळेल! एकटीला उरकत नाही, म्हणून जावा-नणंदा, शेजारणी मिळून बसत. हात गुंतलेले, तोंड मोकळं. गप्पा निघाल्या त्या कामातून, फुरसतीतून नव्हे.

आणि त्या गप्पांना मान तरी कुठे होता? शास्त्रात विकथा चार सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याची, देशकथा आणि राजकथा. पण विकथेचं नाव निघालं की माना वळतात बायकांकडेच. दुकानाच्या गादीवर दिवसभर निवडणुका चालतात, ती राजकथा नव्हे काय? 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, तेव्हा तर बोलायलाच नको. त्याला मात्र ‘चर्चा’ म्हणायचं!

खरं तर तव्याजवळच्या बोलण्यात बरंच काही होतं. खाखऱ्याचा काळ चोमाशात 15 दिवस, उन्हाळ्यात 20, हिवाळ्यात 30, हे नव्या सुनेला तिथेच कळे. कोणाची लेक माहेरी का आली, कोणाची शाळा सुटणार आहे, तेही तिथेच कळे आणि वेळेवर कोणीतरी मध्ये पडे. आज पाकिटावर तारीख छापून येते. शेजारच्या घरातलं दुखणं कळायची सोय तेवढी गेली. माझ्या मते गमावलं ते हे. चवीचं काय, शेजवान खाखराही पोरं आवडीने खातातच.

म्हणून पाकीट आणणाऱ्या सुनेला नावं ठेवू नका. 1959 मध्ये मुंबईत गिरगावला सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. लाटणं तेच होतं, पण त्याचा मोबदला मिळू लागला. घरातल्या लाटण्याचा हिशोब कोणी मांडला?

ज्यांना त्या गप्पा परत हव्यात, त्यांनी चोमासा बसायच्या आधी एक दुपार द्यावी. बायकांनी लाटावं, पुरुषांनी तव्याशी बसून दट्ट्या धरावा. बोलणं आपोआप निघेल. आणि त्याला विकथा म्हणायचं की नाही, ते तेव्हा सगळे मिळून ठरवू.