‘अस्तु’ : सूर, सोबत आणि शुश्रूषा

संगीत व आरोग्य यांविषयीच्या आपल्याकडील लेखनात ‘अमुक व्याधीवर अमुक राग’ अशी कोष्टके वारंवार आढळतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट या धारणेस छेद देतो. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीच्या ओढीने वाट चुकतात. माहुताची कन्नडभाषक पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना लेकरासारखे सांभाळते, गाणे ऐकवते. तिच्या सहवासात ते स्थिरावतात. मात्र स्मृती परतत नाही. हा संयम हेच या कलाकृतीचे सामर्थ्य होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलांचे आरोग्यातील साहाय्य अधोरेखित केले. तथापि, अल्झायमर बरा करणारा उपाय अद्याप उपलब्ध नाही. म्हणून संगीताकडे उपचारांचा पर्याय म्हणून नव्हे, तर शुश्रूषेचा भाग म्हणून पाहणे उचित ठरते. शास्त्रींची कन्या इरा हिच्या अपराधभावालाही चित्रपट स्थान देतो, हे महत्त्वाचे. ठाकुर्लीसारख्या उपनगरात सकाळची लोकल गाठणाऱ्या कुटुंबांपुढे ‘कोणता राग ऐकवावा’ यापेक्षा ‘ऐकवायला घरी कोण थांबणार’ हाच खरा प्रश्न आहे.