ढवळत्या टाकीत प्रमाण कशाला म्हणायचे?

आज एका ग्रंथाची चिकित्सा करू. विवेक रानडे यांचा 'कॉम्प्युटेशनल फ्लो मॉडेलिंग फॉर केमिकल रिअ‍ॅक्टर इंजिनिअरिंग', प्रकाशन 2002. रानडे तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं इथं काय काम? काम आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि तो आपल्या दाराशी आहे. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत बंद पोलादी रिअ‍ॅक्टरमध्ये पंखा फिरतो. आत द्रव कसा वाहतो, हे कुणाला दिसत नाही.

थोडी पार्श्वभूमी. रानडे आणि मुंबईच्या युडीसीटीचे ज्येष्ठराज जोशी यांनी 1989-90 च्या सुमारास पारदर्शक टाकीत लेसर किरणांनी पाण्याचा वेग बिंदूबिंदूला मोजला. मग तोच प्रवाह संगणकावर मांडून तुलना केली. म्हणजे एकीकडे प्रत्यक्ष, दुसरीकडे अनुमान. आपल्याकडे ही जोडी इतक्या नेटाने क्वचितच हाताळली गेली.

पण इथेच खोच आहे, बघा. त्या काळच्या पद्धतीत फिरत्या पंख्याचं गणित झेपत नसे. म्हणून पंख्याजवळ मोजलेले वेगच गणितात घालायचे आणि उरलेली टाकी सोडवायची. मग पंख्याजवळ आकडे जुळले, तर त्यात सिद्ध काय झालं? नैयायिक याला आत्माश्रय म्हणतील. जे सिद्ध करायचं, तेच आधाराला घेतलं. खरी कसोटी दूरच्या भिंतीपाशी, तळाशी, जिथला आकडा आधी दिलेला नाही तिथे.

ग्रंथाचं मोठेपण असं की ही मर्यादा तो लपवत नाही. त्या पद्धतीला तो 'ब्लॅक बॉक्स' म्हणतो, आणि पाती एका क्षणी स्थिर धरून प्रवाह सोडवण्याची 'स्नॅपशॉट' पद्धत मांडतो. तिला मोजलेला वेग उसना घ्यावा लागत नाही. अनुमान स्वतःच्या पायावर उभं राहतं.

तरीही माझा एक आक्षेप उरतोच. पाण्यात किलोमागे एक वॅट ऊर्जा खर्च होत असेल, तर सर्वांत लहान भोवरे सुमारे 30 मायक्रॉनचे, केसाहून बारीक. ते सगळे संगणकात मावत नाहीत. म्हणून सरासरीचं 'के-एप्सिलॉन' प्रतिमान घेतात. त्यातले 0.09, 1.44, 1.92 हे स्थिरांक साध्या प्रवाहांवरून ठरवलेले आहेत, ढवळत्या टाकीवरून नव्हे. सरासरी वेग बरा जुळतो. खळबळीची ऊर्जा पंख्याजवळ बरेचदा कमी येते. आणि रासायनिक क्रिया जलद असेल, तर नेमकी तीच खळबळ महत्त्वाची!

यात धोका काय? एक लिटरचं भांडं त्याच आकारात हजार लिटरचं केलं, लिटरमागे शक्ती तेवढीच ठेवली, तरी मिसळायला साधारण साडेचार पट वेळ लागतो. तेवढ्यात एका कोपऱ्यात उष्णता साठू शकते. टाकीशेजारी उभ्या असलेल्या कामगाराला सरासरीचा काय उपयोग?

न्यायमतात ज्ञानाचं प्रामाण्य सफल प्रवृत्तीवरून कळतं: पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरं. म्हणून संगणकावरचं रंगीत चित्र कुणी पुढे केलं, तर एवढंच विचारा: यातलं काय आधी दिलं होतं, आणि काय खरोखर सापडलं? तपासायला निदान पंख्याच्या मोटरची शक्ती तरी मोजता येते. हा प्रश्न विचारायला हा ग्रंथच शिकवतो, म्हणून तो वाचावा.