इमारत मोजायची की माणसं?

अपंगांच्या निवासी संस्थेच्या पुनर्विकासावर प्रपोजल लिहिताय? मग आधी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचं विलोब्रुक वाचा. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची ही सरकारी संस्था ४,००० जणांसाठी होती. १९६५ च्या सुमारास तिथे ६,००० हून जास्त माणसं कोंबली होती. १९७२ मध्ये टीव्हीवर तिथले हाल दिसले, १९८७ मध्ये ती बंद झाली. १९९३ पासून तिथे कॉलेज ऑफ स्टेटन आयलंडचा कॅम्पस आहे.

याला यशोगाथा म्हणणं मला पटत नाही. यश आलं ते जागेला. १९७५ च्या कोर्टातल्या करारात भर होता रहिवाशांना वस्तीतल्या छोट्या घरांत हलवण्यावर. म्हणजे तुमचा आउटकम कॅम्पसच्या बाहेर आहे: घराची किल्ली कुणाकडे, जेवायला काय हे कोण ठरवतं? लाभार्थी म्हणून कॉलेजचे विद्यार्थी मोजले की आकडा फुगतो आणि जुने रहिवासी सॅम्पलमधून गायब.

मुलाखती घेणार असाल तर संमतीचंही बघा. इथेच सॉल क्रुगमन यांनी मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची लागण करून अभ्यास केला. पालकांच्या सह्या होत्या हो! पण १९६४ च्या अखेरीस गर्दीमुळे नवे प्रवेश थांबले, तेव्हा जागा शिल्लक होती ती अभ्यासाच्या वॉर्डात.