खोगीरभरती: एका शब्दाची उलटतपासणी

मराठी टीकाकाराच्या भात्यांत जे कांहीं तयार बाण असतात, त्यांत ‘खोगीरभरती’ हा एक फार जुना आणि फार सोयीचा बाण आहे. कादंबरीचीं पन्नास पानें कंटाळवाणीं वाटलीं, खोगीरभरती. निबंधांत उदाहरणांची गर्दी झाली, खोगीरभरती. सभेच्या व्यासपीठावर नको तितकीं माणसें बसलीं, तीहि खोगीरभरतीच. पु. ल. देशपांडे यांनीं तर आपल्या एका विनोदी लेखसंग्रहाला हेंच नांव देऊन टीकाकारांचें काम आधींच हलकें केलें. आम्हीं स्वतः हा शब्द विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या समासांत आणि ग्रंथपरीक्षणांत इतक्या वेळां लिहिला आहे कीं, त्याचा हिशेब देण्याची वेळ आली तर आम्हांस लाज वाटेल. लाज अशासाठीं कीं, खोगिरांत काय भरतात, कोण भरतो आणि कशासाठीं भरतो, याची चौकशी आम्हीं कधीं केलीच नव्हती. ती केल्यावर जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्याकडील जुनें खोगीर बहुधा नमद्याचें अथवा कापडाचें, गादीसारखें शिवलेलें असे. चामड्याचें जीन ही त्याहून निराळी वस्तु. परंतु भरतीचें तत्त्व दोहोंत एकच आहे, आणि तें समजून घेण्यासाठीं, हातानें जीन करण्याची परंपरा जेथें अजून टिकून आहे तिकडे दृष्टि वळविली पाहिजे. इंग्लंडांतील वॉल्सॉल हें असें एक शहर आहे. चामड्याच्या धंद्यावर तें वाढलें. तेथील फुटबॉल संघाला लोक ‘जीनगर’ या अर्थाच्या नांवानेंच ओळखतात. कारखान्यांची जुनी गर्दी ओसरली असली, तरी तेथें जीन आजहि हातानें घडतें.

त्याची सुरुवात लांकडांत होते. बीच वृक्षाच्या लांकडाचे पातळ थर एकमेकांस चिकटवून व साच्यांत दाबून सांगाडा करतात आणि पोलादाच्या पट्ट्यांनीं तो बळकट करतात. त्यावर पट्टे ताणून बसवितात, त्यावर कापड, त्यावर थोडी लोकर, आणि शेवटीं ओलें करून ताणलेलें बैठकीचें चामडें. तें सांगाड्यावरच सुकतें आणि सुकतांना त्याचा आकार घेतें. शिलाईची रीत तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांस दोन सुया असतात, आणि आरीनें पाडलेल्या प्रत्येक छिद्रांतून त्या दोन्ही विरुद्ध दिशांनीं जातात. त्यामुळें एक टांका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या शिलाईंत वरचा व खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक तुटला कीं उसवण पुढें सरकत जाते.

येथवरचें बहुतेक काम डोळ्यांना दिसतें, आणि विकत घेणाराहि तेंच पाहतो. खरी परीक्षा मात्र त्याच्या खालीं आहे. जिनाच्या तळाशीं दोन लांबट गाद्या असतात व त्यांच्यामध्यें एक मोकळी पन्हळ. घोड्याचा कणा या पन्हळीखालीं मोकळा राहिला पाहिजे; स्वाराचें ओझें त्यावर न पडतां दोन्ही अंगांच्या स्नायूंवर सारखें पसरलें पाहिजे. हें पसरविण्याचें शेवटचें काम लांकूड करीत नाहीं, पोलाद करीत नाहीं. तें भरती करते. पिंजलेली लोकर थोडी थोडी घेऊन लांब लोखंडी सळईनें गादीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत सारावी लागते. एका जागीं गोळा राहिला तर तेथें घोड्याचें कातडें सोलवटतें. एका जागीं पोकळी राहिली तर तिचा भार शेजारच्या जागेवर पडतो. फार ठासली तर गादी दगड होते, कमी भरली तर सांगाडाच पाठीला टेकतो. हें सर्व कारागीर डोळ्यांपेक्षां तळहातानें जाणतो.

पुढचें काम जीन पाठीवर ‘बसविण्याचें’. वांकवूं तशी वांकणारी पट्टी खांद्याच्या फऱ्यामागें पाठीवर दाबून तिचा आकार कागदावर उतरवितात. पाठीची लांबीहि पाहतात. घोड्याला साधारणतः फासळ्यांच्या अठरा जोड्या असतात, आणि जिनाचा भार शेवटच्या फासळीमागें जाऊं नये असा दंडक आहे. पुढें व मागें टेकून मध्यें अधांतरी राहणारें जीन बसणाऱ्याला निर्दोष वाटूं शकतें. घोड्याला तें छळतें. घोडा बोलत नाहीं. परंतु दौडीनंतर घामानें भिजलेल्या पाठीवर मध्येंच कोरडा राहिलेला ठिपका, अथवा कांहीं काळानें काळ्या अंगावर उगवलेले पांढरे केस, हे त्याचे तक्रारअर्जच होत. शिवाय ही भरती एकदां करून संपत नाहीं. लोकर दबते, घोडा ऋतुमानानें व कामानें जाड-बारीक होतो. म्हणून ती पुन्हां पुन्हां तपासावी व दुरुस्त करावी लागते.

भरतीचें हें महत्त्व नवें नव्हे. चीनच्या शिनजियांग प्रांतांत, तुर्फानजवळील यांगहाई येथें एका स्त्रीच्या थडग्यांत सांपडलेलें चामड्याचें जीन इ. स. पूर्व आठव्या ते चौथ्या शतकांच्या दरम्यानचें ठरलें आहे. त्यावरील संशोधन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या गाद्यांत पेंढा आणि हरणाचे व उंटाचे केस भरलेले आहेत. रिकीब मागाहून आली. भरती मात्र तेव्हांहि होती.

आतां साहित्याकडे वळूं. अ‍ॅना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही १८७७ सालची कादंबरी म्हणजे एका घोड्यानें सांगितलेलें आत्मचरित्र. तिच्यांतील उपदेश पुष्कळदां उघडा पडतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु तींत एक लहानसा प्रसंग आहे. नव्या मालकाकडील मोतद्दार प्रथम एक जीन आणतो. तें घोड्याच्या पाठीला पुरेसें रुंद नाहीं हें त्याच्या तत्काळ ध्यानांत येतें, आणि तो निमूटपणें परत जाऊन दुसरें आणतो. कथानकाच्या दृष्टीनें हा प्रसंग गाळला तरी चालेल. परंतु तो गाळला तर, पुढें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांची निष्ठुरता मोजण्यास आपणांपाशीं माप उरत नाहीं.

आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीवर पाल्हाळाचा आरोप वारंवार झाला आहे, आणि आम्हींहि तो वर्गांत केला आहे. यमूचें माहेर, सासर, बायकांचीं बोलणीं, बारीकसारीक मानापमान, हें सर्व इतकें कशाला, असें आम्ही विचारीत असूं. आज आमचें मत पालटलें आहे. यमूच्या सक्तीच्या केशवपनाचा प्रसंग एवढा जड आहे कीं, तो नुसत्या कथानकाच्या सांगाड्यावर ठेवला असता तर वाचकाला क्षणभर टोंचला असता आणि विसरला गेला असता. आधींच्या शेंकडों क्षुल्लक तपशिलांनीं तो भार आपल्या साऱ्या मनावर पसरविला. म्हणूनच तो आपण अजून वाहत आहों. ही भरती आहे, पण ती जागच्या जागीं आहे.

सर्वच पाल्हाळ क्षम्य आहे असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. ठासून दगड केलेल्या गाद्या आपल्या वाङ्मयांत विपुल आहेत. आमचा आक्षेप टीकाकाराच्या मापावर आहे. पृष्ठें किती, हें त्याचें माप नव्हे. भार कोठें पडतो, हें त्याचें माप होय.

एक गोष्ट मनांतून जात नाहीं. ज्यानें हा शब्द प्रथम तुच्छतेनें उच्चारला, तो खोगिरावर बसणारा असला पाहिजे. भरणारा नव्हे, आणि घोडा तर नव्हेच. चामड्याला हात लावणाऱ्यांना ज्या समाजानें शतकानुशतकें दूर ठेवलें, त्याच्या भाषेंत न दिसणाऱ्या श्रमाला कचऱ्याचा अर्थ यावा, यांत नवल तें काय? जिनावरून ज्यांना नांव मिळालें ते जीनगर आपल्याच गांवांत राहत आले. त्यांना विचारलें असतें तर हा लेख लिहिण्यास आम्हांस वॉल्सॉलपर्यंत जावें लागलें नसतें. यापुढें समासांत तो शब्द लिहिण्यापूर्वीं पुस्तक उलटें करून त्याच्या तळावरून एकदां हात फिरवूं, इतकें आम्हीं ठरविलें आहे.