रुग्णालयाची वास्तु आणि रोग्याचें मन

तापीकांठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीची यात्रा ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस घोड्यांच्या बाजाराबरोबर आणखी एक दृश्य आठवेल. यात्रेकरू एकटा येत नाहीं; चूल, अंथरूण, मुलेंबाळें घेऊन सारें कुटुंबच उतरतें. सातपुड्याकडील रोगीही असाच येतो. परंतु रुग्णालयांत बहुधा एकाच सोबत्यास प्रवेश मिळतो. बाकीचीं माणसें जिन्याखालीं अगर कुंपणालगत रात्र काढतात. ही शिस्त अपरिहार्यच आहे, असें आपण धरून चालतों. या समजुतीची परीक्षा पाहणारी एक वास्तु महाराष्ट्रांतच उभी राहिली.

गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचें शोधग्राम १९९३ सालीं वसलें. तुम्हांस रुग्णालयाचें भय कां वाटतें, असें तेथें आदिवासींसच विचारण्यांत आलें. उत्तरें मार्मिक होतीं. मोठी इमारत परकी वाटते. पांढरा वेष पाहून प्रेताच्या वस्त्राची आठवण होते. आप्तांस जवळ राहूं देत नाहींत. तेव्हां झोपड्यांच्या घाटाचें रुग्णालय बांधलें गेलें, आणि त्यास लोकांच्या दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें.

कोणी म्हणेल, ही निव्वळ भावुकता. रोग औषधानें जातो, भिंतींच्या आकारानें नव्हे. त्यास रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा लेख पुरेसें उत्तर देतो. अमेरिकेंतील एका रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी त्यांनीं ताडून पाहिल्या. ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षां लवकर घरीं गेले, आणि त्यांस तीव्र वेदनाशामकेंही कमी लागलीं.

तथापि एक आक्षेप घेतलाच पाहिजे. झोपडी रोग्याच्या सोयीची, परिचारिकेचें काय? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ च्या ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या ग्रंथांत दोन्ही बाजूंस खिडक्या असलेल्या लांब दालनाचा पुरस्कार केला. त्यांत हवा व प्रकाश हे हेतु होतेच. पण सर्व खाटा एका नजरेंत याव्यात, हाही होता. खोल्या विखुरल्या, कीं ही नजर तुटते आणि रात्रपाळीची पायपीट वाढते. थकलेल्या परिचारिकेचा हात चुकला, तर झोपडीच्या मायेचा रोग्यास काय उपयोग?

म्हणून उद्यां सातपुड्याच्या पायथ्याशीं कोणी गवती छपरांचें रुग्णालय बांधील, तर तें शोधग्रामचें अनुकरण होईल, अनुसरण नव्हे. घेण्याजोगी गोष्ट छप्पर नाहीं, प्रश्न आहे. भिल्ल-पावरा मातेस तो विचारावा; आणि तिच्या उशाशीं रात्रभर जागणाऱ्या परिचारिकेसही विचारावा. नकाशा त्यानंतर काढावा. आपल्याकडे नकाशा आधीं मंजूर होतो, आणि प्रश्न उद्घाटनानंतर जिन्याखालीं झोपलेले आढळतात.