मूळ सापडले म्हणजे नेमके काय?

नागपुरातील एका शाळेच्या पालकसभेत वाटलेले पत्रक आमच्यासमोर आहे. पाळी अनियमित, चेहऱ्यावर पुरळ, सतत थकवा, म्हणजे मुलीच्या ‘संप्रेरकांचे असंतुलन’. आणि फंक्शनल मेडिसिन लक्षणांवर नव्हे, मुळावर उपचार करते, असे त्यात म्हटले आहे. खाली चाचण्यांची लांबलचक यादी.

या पद्धतीची संस्था जेफ्री ब्लँड या जीवरसायनशास्त्रज्ञाने 1991 साली अमेरिकेत स्थापन केली. रुग्णाचे सविस्तर ऐकून घेणे, आहार-झोपेची चौकशी करणे, हे तिचे गुण आम्हाला मान्य आहेत. ‘लग्नानंतर होईल ठीक’ एवढ्यावर जिथे मुलीची बोळवण होते, तिथे ऐकून घेणाऱ्याकडे पालक वळणारच.

आमचा आक्षेप ‘असंतुलन’ या शब्दापासून सुरू होतो. वर्गात विचारून पाहा, नागपूरचे तापमान किती? मुले उलट विचारतील, मे महिन्यातल्या दुपारचे की जानेवारीतल्या पहाटेचे? संप्रेरकांचेही असेच असते. प्रोजेस्टेरॉन अंडमोचनापूर्वी अगदी कमी असते आणि नंतर अनेक पटींनी वाढते. चक्राचा कितवा दिवस हे न पाहता एका आकड्यावरून ‘कमी’ ठरवणे निरर्थक आहे. शिवाय पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर मेंदू आणि अंडाशय यांचा मेळ बसत असतो. त्या काळात अनियमितपणा स्वाभाविकच. पुढची दोन वर्षे 21 ते 45 दिवसांचे अंतरही नेहमीचे धरतात.

खरा आजारही असतो. स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी 1935 साली वर्णन केलेला, आज पीसीओएस म्हणून ओळखला जाणारा. त्यात अनेकींच्या शरीराला इन्शुलिन पुरेसे जुमानत नाही, म्हणून ते रक्तात वाढते. वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते आणि अंडमोचन अडते. ही साखळी ठाऊक आहे. तिचे पहिले टोक मात्र अजून पूर्ण उलगडलेले नाही. मग पत्रकवाल्यांना ‘मूळ’ कुठे सापडले? 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार किशोरवयात निदानासाठी अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, दोन्ही हवीत; सोनोग्राफीवर विसंबू नये, कारण या वयात निरोगी अंडाशयही तसेच दिसू शकते. पत्रकाच्या यादीत सोनोग्राफी पहिली आहे!

थकव्याला तेथे ‘अधिवृक्क ग्रंथींचा थकवा’ म्हटले आहे. 2016 साली दोन ब्राझिलियन संशोधकांनी यावरचे 58 अभ्यास तपासले. असा आजार असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. दमलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन मोजणे मात्र स्वस्तही आहे आणि उपयोगाचेही.

शिक्षिकांनी मुलींना पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहायला सांगाव्यात. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, सुरू होऊन वर्ष झाल्यावर कधी 90 दिवसांहून अधिक खंड पडला, किंवा हनुवटीवर राठ केस येऊ लागले, तर ते कॅलेंडर घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.