दालांबेर यांची नाणेफेक

दिदरो आणि दालांबेर यांनी संपादित केलेल्या फ्रेंच विश्वकोशाचा चौथा खंड १७५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात 'क्रुआ उ पील' अशी एक छोटी नोंद आहे. आपल्याकडे ज्याला 'छापा की काटा' म्हणतात, तोच हा खेळ. नोंद खुद्द दालांबेर यांची आहे. कंप पावणाऱ्या तारेचे समीकरण १७४७ मध्ये मांडणारे हेच ते गणिती. संभाव्यतेच्या इतिहासात मात्र ही नोंद मोठ्या माणसाच्या ढोबळ चुकीचा नमुना म्हणून सांगतात आणि पुढे जातात. एवढ्यावर तिला निकालात काढणे आम्हांला योग्य वाटत नाही.

प्रश्न साधा आहे. नाणे दोनदा उडवायचे. निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? आपला विद्यार्थी नमुना अवकाश लिहितो: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारांपैकी तीन अनुकूल, म्हणून उत्तर ३/४. दालांबेर म्हणतात, पहिल्याच फेकीला छापा पडला तर खेळ तिथेच संपला. जी फेक होणारच नाही ती मोजायची कशाला? म्हणून शक्यता तीनच: छापा, काटा आणि मग छापा, काटा आणि मग काटा. उत्तर २/३. तीन फेकींसाठी याच रीतीने ते ७/८ ऐवजी ३/४ सांगतात.

आता चूक नेमकी कोठे आहे? 'एक शक्यता लिहायची राहिली' असे बहुतेक जण सांगतील. तसे नाही. खेळ खरोखरच या तीनांपैकी एका प्रकारे संपतो. यादी पूर्ण आहे आणि तीत पुनरुक्तीही नाही. चूक आहे ती तिन्ही शक्यतांना सारखे वजन देण्यात. असे ४०० डाव खेळले तर सुमारे २०० पहिल्याच फेकीत संपतील. उरलेल्या २०० डावांत दुसरी फेक होईल आणि तिची सुमारे १००-१०० अशी वाटणी होईल. म्हणजे वजने १/२, १/४, १/४. पहिल्या दोहोंची बेरीज ३/४. न झालेली फेक मोजावी लागली नाही, तरीही उत्तर तेच आले! जिनिव्हाचे गणिताचे प्राध्यापक नेकर यांनी या शक्यता समसंभाव्य नाहीत असा आक्षेप घेतला. दालांबेर यांनी तो १७५७ मध्ये सातव्या खंडातील पैजेवरच्या नोंदीत स्वतः छापला, विचार करण्याजोगा म्हटला, आणि आपली शंका मात्र सोडली नाही.

या शंकेत तथ्य होते असे आमचे मत आहे. कोणत्या शक्यता समसंभाव्य मानायच्या हे नुसत्या तर्काने ठरत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांची जी मोजदाद केली, तीत दोन कण आणि दोन अवस्था असल्यास 'दोन्ही पहिलीत', 'दोन्ही दुसरीत' आणि 'एकेक' या तीन शक्यतांना सारखेच वजन मिळते. तेथे निदान एक कण पहिल्या अवस्थेत असण्याची संभाव्यता खरोखर २/३ आहे. नाणी तशी वागत नाहीत. पण हे नाण्यांना विचारल्यावाचून कळणार कसे? दालांबेर यांचा खरा दोष हा, की त्यांनी विचारले नाही.

ते काम ब्यूफाँ यांनी केले. १७७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी एका मुलाकडून खेळवून घेतलेल्या २०४८ डावांची नोंद दिली आहे. प्रत्येक डाव छापा पडेपर्यंत चालवायचा होता. १०६१ डाव पहिल्या फेकीत संपले, ४९४ दुसऱ्या फेकीत, आणि ४९३ डावांत दोन्ही वेळा काटा पडला. दालांबेर यांच्या हिशेबाने हे तिन्ही आकडे ६८३ च्या आसपास हवे होते. तीन फेकींच्या आत संपलेले डाव १७८७ भरले. ७/८ प्रमाणे १७९२ अपेक्षित होते, दालांबेर यांच्या ३/४ प्रमाणे १५३६. याहून स्वच्छ निकाल कोणता हवा?

याच प्रयोगाचे आपल्या पाठ्यपुस्तकांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 'ब्यूफाँने नाणे ४०४० वेळा उडवले, २०४८ वेळा छापा आला' हे वाक्य अनेक ठिकाणी भेटते; एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीतही ते होते. आकडे खरे आहेत, वर्णन उलटे आहे. डाव २०४८ आणि प्रत्येक डावाच्या शेवटी एक छापा; तेव्हा छापे २०४८ पडणार हे आधीच ठरलेले होते! दैवावर अवलंबून होती ती फेकींची एकूण संख्या. ती ४०४० भरली. ४०४० फेकी आधी ठरवून मग छापे मोजले असे विद्यार्थ्याला वाटू देणे आम्हांला खटकते. प्रयोग ज्या प्रश्नासाठी झाला तो गळून गेला आणि ०.५०७ हा एक निर्जीव अपूर्णांक हाती राहिला.

वर्गात हा खेळ मूळ रूपातच घ्यावा. चाळीस मुलांनी प्रत्येकी दहा डाव खेळले तर ४०० डाव होतात. दोन फेकींच्या आत संपणारे डाव ३०० च्या जवळ येतात की २६७ च्या, हे फळ्यावर दिसते. एकूण चाळीसच डाव घेतले तर ३० आणि २७ यांतला फरक ओळखू येणार नाही. तेवढ्यावर दालांबेर यांना खोटे पाडण्याची घाई करू नये.